रेघेवरचं पाणी

जयपुरात समुद्राचं पाणी चाखून बघणारी बाई मी एकच पाहिली. सकाळी अंघोळ आटोपली, की देवापुढे दिवा लावायच्या आधी त्या बैठकीच्या खोलीतल्या काचेच्या टाकीत करंगळी बुडवायच्या, जिभेच्या टोकाला लावायच्या आणि डोळे बारीक करून उभ्या राहायच्या. मग "आज वाईच मीठ चढलां," असं स्वतःशीच म्हणायच्या, नाहीतर काहीच न बोलता चहा टाकायला जायच्या. काही बोलल्या नाहीत म्हणजे पाणी ठीक. आम्ही चार मराठी घरं त्यांना समुद्रकाकू म्हणायचो, आणि गल्लीतली पोरं समंदर आंटी. त्यांचं खरं नाव विमलाबाई होतं, हे मला शेजारी राहायला लागून बरेच महिने झाल्यावर कळलं.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. माझं नुकतंच लग्न झालेलं, नवरा बँकेत, पहिलीच बदली आणि तीसुद्धा थेट साताऱ्याहून जयपूरला. टिळकनगरात आम्हाला एका घराचा वरचा मजला मिळाला. खालच्या मजल्यावर काका आणि काकू. काका विमा कंपनीत अधिकारी, मूळचे वर्ध्याचे. काकू वेंगुर्ल्याच्या. वर्ध्याच्या माणसाला वेंगुर्ल्याची बायको कशी मिळाली, याचं उत्तर दोघंही "हापिसातल्या एका माणसानं जमवलं" एवढंच द्यायचे आणि त्या माणसाला मनापासून नावं ठेवायचे. वीस-बावीस वर्षं संसार करूनही काकूंची मालवणी सुटली नव्हती आणि काकांची वऱ्हाडी सुटली नव्हती. दोघांचं भांडण जुंपलं, की आमची सातारची भाषा मला फारच सरळ आणि बेचव वाटायला लागायची.

टाकी काकूंनी खिडक्यांना काचा बसवणाऱ्या एका कारागिराकडून करून घेतली होती. चांगली दीड हात उंच, लोखंडी चौकटीची, आणि त्या चौकटीला गंज चढू नये म्हणून दर दिवाळीला रंगाचा हात. आत खडक, वाळू, पट्ट्यापट्ट्यांचे पाचसहा मासे, दगडाला चिकटून बसणारे दोन मातकट मासे आणि शंख पाठीवर घेऊन फिरणारा एक खेकडा. सगळे वेंगुर्ल्याच्या खडकांतले. काकूंचे वडील, आबा, शाळामास्तर होते. सुट्टीच्या दिवशी ओहोटी लागली की ते लेकीला घेऊन खडकांत जायचे आणि डबक्यापाशी उकिडवे बसून आत काय काय हलतंय ते दाखवायचे. काकू सांगायच्या, "डबक्यातलो मासो घट्ट असता गो. ऊन सोसता, पाऊस सोसता. बंदरातलो मासो हंय आणलो तर स्टेशनारच मरात."

हळदीकुंकवाला नवी बाई आली, की टाकीपुढे थबकून हमखास विचारायची, "हे खायला का हो?" कोकणातली बाई मासे पाळते, हे कुणाच्या पचनीच पडत नसे. काकूंचं उत्तर ठरलेलं होतं. "पाळलेलो मासो कोण खाता? तू तुझ्या पोपटाची आमटी करतंस काय?" बाईच्या घरी पोपट असो वा नसो.

समुद्राचं पाणी यायचं मुंबईहून. मराठी मंडळातलं कुणी मुंबईला निघालं, की काकू आदल्या दिवशी दोन रिकामे कॅन घेऊन दारात हजर. नाही म्हणायची कुणाची टाप नव्हती. परतीच्या वाटेवर सवाई माधोपूरला मोठी गाडी सोडून छोट्या गाडीत बसावं लागायचं, तेव्हा हमाल ते कॅन उचलताना विचारायचा, "क्या है बाबूजी, घी?" पाणी आहे म्हटल्यावर तो सहानुभूतीनं बघायचा, आणि ते पिता येत नाही म्हटल्यावर हमालीचा भाव वाढवायचा. आमच्या गल्लीत मे महिन्यात नळाला जेमतेम धार यायची, बायका बादल्या घेऊन टँकरची वाट बघायच्या, आणि त्यांच्या समोरून समुद्रकाकू कुणालाही न पिता येणारं पाणी मोठ्या थाटात घरात न्यायच्या. यावरून गल्लीत काय काय बोललं जाई, ते त्यांच्या कानावर होतं. त्यांना त्याचं काही नव्हतं.

पण खरी अडचण समुद्राच्या पाण्याची नव्हती, ती होती जयपूरच्या हवेची. तिथली हवा उन्हाळ्यात इतकी कोरडी, की दोरीवर टाकलेली चादर दुसरी चादर पिळेपर्यंत वाळायची. टाकीतलं पाणी रोज बोटभर खाली जायचं. पाणी उडून जायचं, आणि मीठ मात्र सगळं आतच राहायचं, म्हणजे उरलेलं पाणी रोज थोडं थोडं जास्त खारट. काकू हे सगळं चार शब्दांत सांगायच्या, "पाणी जाता, मीठ रवता." म्हणून टाकीत रोज गोडं पाणी घालायला हवं, गेलं तेवढंच, आणि तेही हळूहळू. नळाचं पाणी चालत नसे. ते इतकं जड, की आमच्या पातेल्यांना आतून पांढरा लेप बसायचा. पाऊस पडला की काकू गच्चीवर धुतलेली चादर चारही टोकांनी बांधायच्या आणि खाली मोठा ड्रम लावायच्या. तो ड्रम म्हणजे वर्षाची बेगमी. संपत आला की बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी दुकानातून आणायचं. घरात स्कूटरसुद्धा नव्हती, त्यामुळे तो दुकानदार काकांकडे जरा संशयानंच बघायचा.

जिभेवर काकूंचा विश्वास होता, पण अंधविश्वास नव्हता. चाखून झालं की त्या लॅक्टोमीटर काढायच्या. दुधात पाणी किती हे बघायची ती काचेची नळी, समुद्राच्या पाण्यालाही अगदी बेतशीर लागू पडते, हा शोध त्यांचा स्वतःचा. नळी पंचविसाच्या खुणेपर्यंत बुडाली की पाणी समुद्रासारखं. मग नळी धुऊन त्या स्वयंपाकघराच्या खिडकीत वाळत ठेवायच्या. सकाळी दूध घालायला येणारे रामस्वरूपजी ती नळी बघून घाबरेघुबरे व्हायचे. "भाभीजी, म्हारे दूध में पाणी कोनी!" दुधात पाणी नाही, असं कुणी न विचारताच सांगायचे. काकूंनी त्यांचं दूध एकदाही मोजलं नाही, आणि तसं त्यांना कधी सांगितलंही नाही. पण त्या काळात आमच्या अख्ख्या गल्लीला फार चांगलं दूध मिळालं.

एवढी हौस, पण तिच्यापायी काकू घराला बांधल्या गेल्या होत्या. मी जयपूरला येण्याच्या आधीची हकीकत. काकू भावाच्या लग्नाला वेंगुर्ल्याला गेल्या. जाताना काकांना सांगून गेल्या, की रोज ड्रममधलं पाणी टाकीत घाला. काकांनी विचार केला, की मासे समुद्राचे, मग त्यांना अळणी पाणी कसं चालेल? बायको घाईत सांगायची विसरली असेल. म्हणून ते रोज तांब्याभर पाण्यात मूठभर मीठ विरघळवून, नीट गाळून, मोठ्या काळजीनं टाकीत ओतत राहिले. काकू परत आल्या तेव्हा टाकीत कुणीही जिवंत नव्हतं. ही हकीकत मला दोघांनीही वेगवेगळी सांगितली. काकू म्हणाल्या, "ह्यांका कोणी सांगलां मीठ घालूक?" काका म्हणाले, "समुद्राचे मासे म्हटल्यावर खारंच पाणी टाकीन ना मानूस! मले काय माहीत, बाप्पा!" आणि मग खाली बघून म्हणाले, "गाळून टाकत होतो मी. कचरा नको जायला म्हणून."

काकू त्या वेळी रागावल्या नाहीत म्हणे. तेच काकांना जास्त लागलं. दुसऱ्याच वर्षी आबांनी नवे मासे डब्यात घालून एका पाहुण्याबरोबर मुंबईपर्यंत पोचवले, तिथून ते जयपूरला आले आणि टाकी पुन्हा भरली. पण तेव्हापासून काकू माहेरी गेल्या नव्हत्या. आबा थकत चालले होते. वेंगुर्ल्याहून येणारा प्रत्येक माणूस एकच निरोप आणायचा, की म्हातारा वाट बघतोय. काकू म्हणायच्या, "येतंय म्हणान सांग." आणि टाकीकडे बघायच्या. एकदा मी न राहवून म्हटलं, "काकू, मासे मोठे की वडील मोठे?" त्या म्हणाल्या, "मासे तेनीच दिले मा. मारून त्यांच्या समोर कशी जाऊ?"

मग कूलरनं काकूंचे डोळे उघडले. जयपुरात एप्रिल लागला की घरोघरी कूलर बाहेर निघतात, मिस्त्री येतो, वाळ्याचे पडदे बदलतो. त्या वर्षी काकांच्या कूलरला मिस्त्रीनं पितळी तोटी बसवली. तिला एक फुगा जोडलेला. पाणी खाली गेलं की फुगा खाली जातो, तोटी उघडते, नळाचं पाणी आत येतं. वर आलं की बंद. म्हणजे दिवसातून चार वेळा बादली ओतायला नको. मिस्त्री निघून गेला तरी काकू कूलरचं झाकण उघडून आत बघत उभ्या. मी जिना उतरत होते, तर मला हाक मारून म्हणाल्या, "नलू, बघ गो. कूलर आपलां आपण पाणी पिता. मगे माझ्या टाकीक काय झालां?"

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला परत बोलावणं गेलं. तशीच तोटी टाकीला बसली, तिला ड्रममधल्या पाण्याची जोड दिली. अगदी झकास चालली. आठवडाभर काकू सगळ्यांना बोलावून बोलावून दाखवत होत्या. आणि मग शंखातला खेकडा शंखाबाहेर येऊन पडला तो हललाच नाही. काकूंनी तोटी काढून बघितली, तर पितळेवर हिरवट साका. कल्हई गेलेल्या भांड्यात ताक कळकतं, तसं टाकीतलं पाणी कळकलं होतं. पितळ बाद झालं. लोखंड तर आधीच बाद होतं. काका हळूच म्हणाले, "जाऊ दे ना आता. काहून एवढा जिवाला घोर लावून राहिली?" काकूंनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. काका पेपर घेऊन व्हरांड्यात गेले.

पुढचे काही दिवस आमचं घर म्हणजे कारखाना झाला होता. आमचं म्हणते, कारण माझी नेलपॉलिश गेली, माझ्या नवऱ्याचा साबणाचा डबा गेला आणि जिन्यातली बांबूची काठी गेली. शेवटी जे उभं राहिलं ते असं. कपाटावर पाण्याचा कॅन. त्याच्या तळाशी इस्पितळासमोरच्या औषधांच्या दुकानातून आणलेली सलाईनची नळी. त्या नळीच्या मध्ये सायकलच्या वॉल्व्हची मऊ रबरी नळी जोडलेली. टाकीच्या काठावर बांबूची एक चीप, तिच्या एका टोकाला साबणाच्या बंद डब्याचा फुगा पाण्यावर तरंगतो. पाणी वर असलं की डबा वर, आणि चिपेचं दुसरं टोक ती मऊ नळी काचेवर दाबून धरतं. पाणी खाली गेलं की दाब सैल, आणि थेंब थेंब गोडं पाणी टाकीत. धातूचा कणसुद्धा कुठे नाही. काचेवर माझ्या लाल नेलपॉलिशची आडवी रेघ. पाणी त्या रेघेवर राहिलं पाहिजे.

हे बघायला गल्ली लोटली. घरमालक माथुरसाहेब सलाईनच्या नळीकडे बघून गंभीरपणे म्हणाले, "मछली को ग्लूकोज चढ़ रहा है क्या?" त्यांच्या बाईंनी तर संध्याकाळी माशांची तब्येत विचारायला माणूस पाठवला. काकूंनी सांगून पाठवलं, की तब्येत उत्तम आहे, ताकदीसाठी देतोय.

मग चाचणी. भर मे महिन्यात, लूचा तापलेला वारा सुटलेला असताना काकूंनी जाहीर केलं, "मी घरात नाय असां समजा." आणि खरंच त्या टाकीकडे फिरकेनात. बैठकीच्या खोलीतून जायचं तर पदर डोळ्यांपुढे धरून जायच्या. करंगळी नाही, लॅक्टोमीटर नाही. हे त्यांना फार जड गेलं. दुपारी वर येऊन माझ्या ओट्यापाशी बसायच्या, काही न करता बांगड्या वरखाली करत राहायच्या, आणि मी खाली काही आणायला निघाले की विचारायच्या, "जातंस तर वाईच रेघ बघ. नको, नको बघू." काका मात्र दर तासाला बघत होते आणि मला जिन्यात गाठून सांगत होते, "रेघेवर आहे." चाचणी संपली, काकूंनी करंगळी बुडवली, चाखली, आणि काही न बोलता चहा टाकायला गेल्या. चहा टाकता टाकता त्या रडत होत्या. मी बघितलं, तर म्हणाल्या, "आल्याचो वास डोळ्यांक गेलो."

आबांची तब्येत बिघडल्याची तार आली तेव्हा काकूंची बॅग भरूनच ठेवलेली होती. निघताना काकांना समोर उभं करून त्यांनी सांगितलं, "कॅनात ड्रमातलां पाणी भरायचां. मीठ नाय. साखर नाय. काय नाय. निस्तां पाणी." काकांनी शाळेतल्या मुलासारखी मान हलवली. टांगा कोपऱ्यावर वळेपर्यंत ते दारात उभे होते. मग आत येऊन त्यांनी पहिलं काम केलं ते म्हणजे मिठाची बरणी उचलून वर माझ्याकडे आणून दिली. म्हणाले, "राहू द्या तुमच्याकडंच. मी अळणी खाईन." आणि खरंच, भाजीत मीठ हवं असलं की वाटी घेऊन वर यायचे.

सगळं ठीक चाललं होतं. आणि मग एका दुपारी आंधी आली. आकाश पिवळं झालं, दारं-खिडक्या आपटायला लागल्या, आणि तासाभरानं वादळ निघून गेलं तेव्हा गल्लीच्या तोंडाशी विजेचा खांब आडवा पडला होता. वीज गेली ती गेलीच. कूलर बंद, पंखे बंद, आणि टाकीत हवा सोडणारा छोटा पंपही बंद. जयपुरातली मेअखेरीची ती उष्णता, भिंतीला हात लावला तर चटका बसायचा. काकांनी टाकीभोवती वाळ्याचे पडदे ओले करून लावले. सायकलचा हातपंप आणून त्याची नळी टाकीत सोडली आणि हवा मारत बसले. ते थकले की माझा नवरा बसायचा, तो थकला की मी. बर्फवाल्याकडून बर्फ आणला, पिशव्यांत बांधून पाण्यावर सोडला. वीज मंडळाच्या कचेरीत काका दोनदा जाऊन आले. आमच्या तिघांच्याही हातांना फोड आले. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर मासे वर यायला लागले, तोंडं उघडी ठेवून. संध्याकाळी शेवटचा मातकट मासाही आडवा झाला. वीज त्यानंतर आली.

काका पंप हातात धरून बसले होते. मग त्यांनी टाकीकडे बोट दाखवलं. मी बघितलं. पाणी बरोबर रेघेवर होतं, आणि सलाईनच्या नळीतून एक एक थेंब पडत होता. काकूंच्या यंत्राला वीज लागतच नव्हती. त्यानं आपलं काम चोख केलं होतं.

दुसऱ्याच दिवशी माथुरसाहेबांच्या घरी वेंगुर्ल्याहून ट्रंककॉल आला. काका निघाले, मला म्हणाले, "चला तुम्ही पण." लाईन खरखरत होती आणि काकू पोस्टातून ओरडून बोलत होत्या, म्हणून मलाही सगळं ऐकू येत होतं. आबा अंथरुणावरच होते, पण लेकीला ओळखत होते. डॉक्टरांनी काही सांगता येत नाही म्हटलं होतं. मग काकूंनी विचारलं, "पाणी रेघेर आसा मा?"

मी काकांकडे बघितलं. काकांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला होता. "आहे," ते म्हणाले. मग मोठ्यानं, "रेघेवर आहे! केसभर खाली नाही!"

मग काकूंचा आवाज, "बरां. मगे मी रवतंय."

मासे कसे आहेत, हे त्यांनी विचारलंच नाही. पाणी रेघेवर म्हणजे मासे ठीक, असा त्यांचा हिशेब. काका बाहेर येऊन माथुरसाहेबांच्या पायरीवर बसले. मला म्हणाले, "खोटं तर नाही बोललो ना मी?" मी म्हटलं, "नाही काका." ते म्हणाले, "तिला सांगितलं असतं ना, तर ती तिथं थांबली नसती. आली नसती, तरी जीव इकडंच राहिला असता."

मेलेले मासे काकांनी अंगणातल्या लिंबाखाली पुरले. मला वाटलं, आता टाकी रिकामी करतील. पण काका रोज सकाळी स्टुलावर चढून कॅन भरत राहिले. मासे नसलेल्या त्या टाकीत थेंब थेंब पाणी पडत राहिलं. एकदा मी विचारलं, "काका, आता कशाला?" ते म्हणाले, "आठवड्याला फोन येऊन राहिला तिचा. विचारीन ना ती." प्रत्येक फोनला तोच प्रश्न आणि तेच उत्तर, आणि उत्तर प्रत्येक वेळी खरं होतं. खोटं बोलायला लागू नये म्हणून एक माणूस त्या उन्हाळ्यात रोज स्टुलावर चढत होता. माझ्या नव्या संसारात मी ते बघत होते, आणि मला काका फार आवडायला लागले.

आबा जूनअखेरीला गेले. काकू शेवटपर्यंत त्यांच्याजवळ होत्या. दिवसकार्य आटोपून त्या निघाल्या, तेव्हा काका मला आणि माझ्या नवऱ्याला स्टेशनवर घेऊन गेले. मला म्हणाले, "मले एकट्याले सांगता येणार नाही." गाडी आली. काकू उतरल्या, त्यांच्या मागून हमालानं दोन कॅन आणि भोकं पाडलेलं झाकण असलेला एक डबा उतरवला. समुद्राचं पाणी आणि नवा शंखाचा खेकडा. काकूंचा चेहरा उन्हानं रापलेला, डोळे खोल गेलेले. त्या काही बोलायच्या आत काकांनी एका दमात सांगून टाकलं. आंधी, खांब, हातपंप, सगळं.

काकूंनी विचारलं, "कधी?"

"तुझा पहिला फोन आला ना, त्याच्या आदल्या दिवशी."

काकू फलाटावरच्या बाकावर बसल्या. आमच्या बाजूनं माणसं, हमाल, चहावाले जात होते. काका त्यांच्यासमोर हात खाली सोडून उभे. मग काकू हळूहळू बोलायला लागल्या. म्हणाल्या, की आबा शेवटी शेवटी कुणाच्या हातचं काही घेत नव्हते, फक्त लेकीच्या हातची पेज घ्यायचे. दोन चमचे. रोज तिला विचारायचे, कधी जाणार, आणि ती सांगायची, जाणार नाही, घरचं सगळं बरं आहे. मग म्हातारा शांत झोपायचा.

"तुमी सांगलां असतां तर मी दुसऱ्या दिसाक परत इलंय असतंय," काकू म्हणाल्या. त्यांचे डोळे वाहत होते, वडिलांसाठी की माशांसाठी, ते मी विचारलं नाही. "बरां केलास." मग पदरानं तोंड पुसून त्या उठल्या आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "उभे काय रवलास? कॅन उचला. जड आसत."

पुढे टाकी पुन्हा भरली. आणखी दोन उन्हाळे ते यंत्र चाललं, आणि काकू दोन्ही उन्हाळ्यांत महिनाभर माहेरी जाऊन आल्या. मग काकांची बदली भोपाळला झाली, आमची लखनौला, आणि भेटी संपल्या. काका गेल्याचं आम्हाला फार उशिरा कळलं. काकूंचा ठावठिकाणा नंतर लागला नाही. कुठे असतील तिथे त्यांच्याजवळ एक टाकी असणार, एवढं मात्र मी पैजेवर सांगेन.

कितीतरी वर्षांनी माझी आई साताऱ्याला शेवटच्या आजारात होती. मी तिच्या उशाशी, आणि जीव मात्र घराकडे. मुलाची बारावी, सासूबाईंचा गुडघा, आणि स्वयंपाकाला बाई नाही. नवऱ्याचा रोज फोन यायचा आणि तो रोज एकच सांगायचा, "इकडे सगळं ठीक आहे, तू राहा." तो हे सांगत असताना मागे एकदा काहीतरी फुटल्याचा मोठा आवाज आला, आणि कुणीतरी ओरडलंही. पूर्वीची मी असते तर दहा प्रश्न विचारले असते. मी म्हटलं, "बरं, मग राहते." फोन ठेवला आणि आईला पेज भरवायला गेले.